गच्चीवरचा दोडका कोणाच्या खाती?



मागच्या दशलक्षणातली गोष्ट. सहावा दिवस, उत्तम संयमाचा. मंदिरात तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायाचं वाचन आटोपलं होतं आणि आम्ही आठ-दहा जणी पायरीवर चपला शोधत होतो. एका सुनेने मला विचारलं, "काकू, यंदा दोडका भरपूर आला वाटतं?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "तिला काय विचारता, ती आता शेतकरीण झालीय. रोज सकाळी मातीत हात घालून किती जीव मारते, तो आकडा विचारा की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. जाऊबाई चौऱ्याहत्तरच्या, सचित्तत्यागाचा नियम घेतलेल्या, आणि माझ्या लग्नापासून मी त्यांना उलट शब्द बोललेले नाही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, कारण ते नुसती थट्टा म्हणून सोडून द्यावं असं नव्हतं. आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या मनात ते असतं. आपण भाजी विकत आणतो, ती आधीच तोडलेली असते. आपण माती उकरत नाही, रोप उपटत नाही, किडा चिरडत नाही. मग हातानं हे सगळं ओढवून घेणारी बाई शहाणी कशी? मराठवाड्यातल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात किराणा, कापड, आडत हेच धंदे का चालत आले, त्यामागेही हाच विचार सांगतात.

माझं मत वेगळं आहे आणि ते आज मांडते. आपल्या घरी थोडी तरी भाजी लावावी. त्यात पाप नाही म्हणून नव्हे, पाप किती आहे ते डोळ्यांना दिसावं म्हणून.

मी काही हौशी बागवाली नव्हते. माहेर जिंतूरचं. तिथे परसात न्हाणीच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि एक तोंडल्याचा वेल असायचा, त्याच्याकडे कोणी मुद्दाम बघतही नसे. सासरी आले ती दोन खोल्यांत, आणि पुढे सिडकोत रो-हाऊस घेतलं तेव्हा गच्चीचा उपयोग पापड-कुरडया आणि पाण्याच्या टाकीपुरता. मला गच्चीवर खरं चढवलं ते कचऱ्याने. तुम्हाला फेब्रुवारी २०१८ आठवत असेल. नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यांचं बरोबरच होतं. आपला सगळ्या शहराचा उकिरडा त्यांनी वर्षानुवर्षं सोसला होता. मग तो कचरा आपल्या दारात साचू लागला. चौकाचौकांत ढीग, त्यांना लावलेल्या आगी, मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक. आमच्या कोपऱ्यावरच्या ढिगात एक दिवस मला माझ्याच घरची पिशवी दिसली, माझी गाठ मी ओळखली. पिशवी फुटलेली होती आणि आत अळ्या वळवळत होत्या.

आपण पाणी गाळून पितो, पीठ चाळून घेतो, दिवे लागायच्या आत जेवतो. आणि रोज एक पिशवीभर ओली सालं बांधून हजारो जीवांची उत्पत्ती आणि नाश दोन्ही होतील अशी सोय करून दुसऱ्याच्या गावात पाठवतो. हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं.

त्या वेळी सगळीकडे घरगुती खताचे वर्ग निघाले होते. मी एका वर्गाला गेले. तिथे गांडुळं विकत घ्या म्हणाले. मला ते जमेना. डब्यात जीव पाळायचे, उन्हाळ्यात ते मरायचे, मग पुन्हा विकत आणायचे! शेवटी मी आपलाच उपाय काढला. मराठवाड्याचं ऊन कशासाठी आहे? भाजीची सालं, देठं, निवडलेला पाला चाळणीत घालून गच्चीवर पसरायचा. उन्हाळ्यात एका दिवसात, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांत कुडकुडीत वाळतो. ओलं राहिलं की सडतं, सडलं की त्यात जीव पडतात. वाळलेल्यात पडत नाहीत, हे तर आपल्याला डाळ-तांदूळ भरताना आईनेच शिकवलेलं. वाळलेला चुरा आणि बागेतला सुका पाचोळा कुंडीत मातीवर जाडसर थर करून टाकते. तो आपला सावकाश मुरतो. पावसाळ्यात जे वाळत नाही तेवढं मात्र गाडीला द्यावं लागतं, त्याला माझ्याकडे इलाज नाही. हे खत झटपट तयार होत नाही आणि काळंभोर दिसत नाही, पण त्याला वास नाही, चिलटं नाहीत आणि मला ते ढवळावं लागत नाही.

खत झालं, मग कुंड्या आल्या, मग भेंडी.

भेंडीबद्दल एक गंमत सांगते. आपल्या शेजारच्या जालन्याला बियाण्यांचं गाव म्हणतात, त्या सगळ्या पसाऱ्याची सुरुवात भेंडीने झाली. बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी जातीच्या भेंडीचं बी करायला घेतलं, पुढे १९६४ साली महिको काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तर अशा मुलखात राहून भेंडी यायला कठीण काय? आलीच. पण २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडी तिच्यावर मावा पडला. पानांच्या मागे हिरवट-पिवळा थर, शेंडे वाकलेले, खाली चिकट. मी दुकानातून एक लहान बाटली आणली. दुकानदाराने सांगितलं तेवढे थेंब पाण्यात घातले आणि संध्याकाळी यांच्या इस्त्रीच्या फवाऱ्याने मारलं. खोटं कशाला सांगू, मारताना मला काही वाटलं नाही. झाडाला औषध देतेय असंच वाटलं. "औषध" हा शब्दच तसा आहे.

सकाळी गच्चीवर गेले तर फरशीवर मेलेले जीव. मावा तर होताच. पण पाठीवर काळे ठिपके असलेले ते लाल गोल किडे, जे मावाच खाऊन जगतात, तेही उलटे पडलेले. आणि मधमाश्या. मी मोजायला लागले, सवयच आहे, सत्तावीस मोजल्या आणि थांबले. एक अजून पाय हलवत होती.

त्या चातुर्मासात शहरात आर्यिका माताजी होत्या. त्यांच्यासमोर आलोचना केली आणि वर्षभर भेंडीचा त्याग घेतला. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या प्रेमानेच म्हणाल्या, "म्हणून सांगते, विकत आणत जा. कशाला हा व्याप?"

आणि मी विकत आणू लागले. मी खात नव्हते, पण घरात तर लागतेच. यांना आणि नातीला भेंडी प्रिय. त्या वर्षी हातगाडीवर भेंडी निवडताना माझं लक्ष पहिल्यांदा एका गोष्टीकडे गेलं. एकीलाही भोक नाही. एकही पान चिकट नाही. सगळी कशी एकसारखी, कोवळी, तुकतुकीत. चाळीस वर्षं मी हीच भेंडी "चांगली" म्हणून वेचत होते. हिला मावा लागलाच नसेल का? की माझ्या गच्चीवर जे सत्तावीस पडले, तसे हिच्यासाठी कुठल्यातरी शेतात पडले आणि मला दिसले नाहीत एवढंच?

फ्लॉवरचंही तसंच. आपण तो मिठाच्या पाण्यात घालतो, तुरा तुरा उलगडून अळी बघतो, निघाली नाही की समाधानाने फोडणीला टाकतो. ती का निघाली नाही, हे कधी विचारलंय?

मी वाणिज्य शाखेची. मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम., त्या काळी आमच्या वर्गात मुली मोजक्याच. आम्हाला शिकवलं होतं की देणं ताळेबंदाबाहेर ठेवलं म्हणून ते फिटत नाही. आणि ज्या सहाव्या अध्यायाचं वाचन करून आम्ही त्या दिवशी पायरीवर उभ्या होतो, त्यात तर हा हिशेब अगदी पक्का मांडलेला आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन; मन, वचन, काया हे तीन; स्वतः करणं, करवणं, करणाऱ्याला अनुमती देणं हे तीन; आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, एकशे आठ. जपमाळेचे मणी मोजताना आपण हे एकमेकींना सांगतोही. मग त्यातलं "करवणं" आणि "अनुमती" मंडईत गेल्यावर कुठे जातं? निष्कलंक भेंडीला जास्त भाव देणारी मीच. डागाळलेली बाजूला सारणारी मीच. शेतकऱ्याला फवारायला दुसरं कोणी सांगितलं?

आणि किड्या-मुंग्यांवरच हे थांबत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, किती जणांच्या डोळ्यांना कायमचा त्रास झाला. ती कपाशी होती, भाजी नव्हती, हे खरं. पण नेसायचं सुती लुगडं तरी आपण कुठून आणतो?

म्हणून मला "विकत घेतलं की दोष लागत नाही" हे पटत नाही. दोष लागतो, फक्त तो दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो आणि ती वही आपण उघडून बघत नाही.

इथे माझ्या विहीणबाईंचं सांगायलाच हवं. त्या शिरोळ तालुक्यातल्या. सांगली-कोल्हापूरकडे आपले लोक पिढ्यान् पिढ्या शेतकरीच आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं तसलंच, जैन शेतकरी घराणं. मुलाच्या लग्नाच्या वेळी आमच्याकडच्या एका बाईंनी विहीणबाईंना विचारलं होतं, "तुम्ही जैन, आणि शेती कशी काय करता?" त्या जराही न चिडता म्हणाल्या, "आदिनाथ भगवंतांनीच शिकवली की! असि, मसि, कृषि. तुमचा वाणिज्य त्याच्यानंतर आलाय." आम्ही सगळे गप्प. त्यांच्याकडे मुनिमहाराजांच्या आहाराला घरच्याच शेतातली भाजी असते. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून ती जाणून, कमीत कमी करावी. संकल्प करून मारणं मात्र टाळता येतं आणि ते टाळलंच पाहिजे, हा भेद मी ग्रंथात वाचला होता, पण जगताना त्यांच्याकडे पाहिला. नांगरटीआधी बांधावर थांबून णमोकार म्हणणारे त्यांचे दीर मला अजून आठवतात.

आता दुसरी बाजू. गच्चीवरच्या बागेचं कौतुक करणाऱ्या बायकांवरही माझा राग आहे, थोडा का होईना. त्या म्हणतात पैसे वाचतात. दाखवा वही! माझी आहे. २०२३ च्या दसऱ्यापासून २०२४ च्या दसऱ्यापर्यंत माती, कोकोपीट, बी, हिरवी जाळी, दोन ड्रम, वेलासाठी तार मिळून खर्च चार हजार आठशे साठ रुपये. निघालेली प्रत्येक जुडी आणि प्रत्येक पावशेर त्या-त्या दिवशीच्या हातगाडीच्या भावाने लिहिला, बेरीज तीन हजार दोनशे पंधरा. तोटा सोळाशे पंचेचाळीस. माझी मजुरी यात धरलेली नाही, आणि ड्रमचा घसाराही नाही. हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी वही बघून "कर्ज मंजूर करता येणार नाही" असा शेरा मारला. तेव्हा पैशांसाठी कोणी या भानगडीत पडू नका.

दुसरं पाणी. जायकवाडी इतक्या जवळ, नाथसागर भरला की आपण तिथे फोटो काढायला जातो, आणि घरी नळाला पाणी आठव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा. अशा गावात उन्हाळ्यात टँकर मागवून टोमॅटो पिकवणं मला चुकीचं वाटतं, मग तो कितीही सेंद्रिय असो. मी तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी ठेवते. मोठ्या ड्रमांत गळ्यापर्यंत एक-एक मडकं पुरलंय, बिनचिकणं, साधं कुंभाराचं. ते भरून वर झाकण ठेवायचं, पाणी पाझरत राहतं, एकदा भरलं की दोन-तीन दिवस बघायला नको. झाकण मात्र घट्ट हवं, नाहीतर डासांची अंडी. होळीनंतर मी नवीन काहीच पेरत नाही. कढीपत्ता, पुदिना, पानओवा आणि गवती चहा सावलीला सरकवते, बाकी कुंड्या पाचोळ्याखाली झोपतात.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. तेव्हा पाणी आभाळातून फुकट, मेथी-पालक टाकला की चार दिवसांत वर. आणि नेमका तेव्हाच आपला चातुर्मास, पालेभाजी बंद! बागेच्या वर्गातल्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, "अहो, सगळा हंगामच वाया घालवता." मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. मग त्या आषाढ-श्रावणात मी एका विसरलेल्या कुंडीत आपोआप उगवलेला माठ नीट पाहिला. पानाच्या वर अंडी, खाली अंडी, देठाच्या बेचक्यात कोळ्याचं जाळं, दर दुसऱ्या पानावर कोणीतरी बसलेलं. तो त्यांचा हंगाम आहे. पूर्वजांनी हे कुंड्या लावून शिकलं नसेल, पण पाहिलं नक्कीच होतं. आता मी जेठात दोडका, दुधी आणि कारल्याचं बी टोकते, तोंडल्याचा वेल असतोच, आणि चार महिने मातीला हात लावत नाही. पालेभाजी कार्तिकी पौर्णिमेनंतर.

आणखी एक लक्षात आलं. आपल्याकडे बटाटा, कांदा, लसूण, मुळा, गाजर लावायचा प्रश्न नाही, त्यामुळे माती उपसायचीच वेळ येत नाही. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मुळा आणि ओलं आलं सोडायला सांगितलं, त्याचं कारण दिलंय ते फळ थोडं आणि घात फार असं. माझ्या वाणिज्याच्या मास्तरांनी नफा-तोटा याहून कमी शब्दांत सांगितला नव्हता. तोच नियम मी आता झाडं निवडायलाही लावते. शेवगा लावला होता, पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे गठ्ठे बसले. पुढच्या वर्षी लावला नाही. वांगं पोखरणाऱ्या अळीशिवाय येत नाही, म्हणून वांगं नाही. भेंडी चार झाडं, आणि मावा आला तर शेंडा खुडून खाली कॉलनीच्या कुंपणाकडे नेऊन ठेवते. त्यातले सगळे जगत नसणार हे मला कळतं. झाड गेलं तर गेलं. कढीपत्त्याची दोन झाडं आहेत, त्यातलं एक मी सोडून दिलंय. त्यावर फुलपाखराच्या अळ्या येतात, आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्या की हिरव्यागार. दुसऱ्या झाडावर दिसली की पानासकट उचलून पहिल्यावर. नातीने त्या झाडाला "होस्टेल" नाव ठेवलंय.

आणि आता स्वयंपाक, कारण भाजी लावायची ती शेवटी खाण्यासाठीच.

घरच्या दोडक्याचा काही भाग टाकावासा वाटत नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. विकतचा दोडका मी शिरा काढून निम्मा कचऱ्यात घालायचे. आता शिरा आधी काढून ठेवते, धुऊन कोरड्या करते. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, जिरं, हिंग जरा सढळ, दोन हिरव्या मिरच्या, मग शिरा. मंद आचेवर कडा तपकिरी होईपर्यंत परतायच्या, घाई केली की वातड लागतात. शेवटी मूठभर तीळ आणि दाण्याचा भरड कूट, मीठ, किंचित चिंच. खलबत्त्यात कुटायचं, मिक्सरमध्ये नको, लगदा होतो. गरम ज्वारीच्या भाकरीवर ही चटणी आणि वर कच्चं तेल असलं की आमचे हे दोडक्याची भाजी विचारतसुद्धा नाहीत. कांदा-लसणाची आठवण काढणारा पाहुणा माझ्याकडे अजून जेवला नाही.

गराची भाजी मी मुगाच्या डाळीत करते, अर्धा तास भिजवलेली, पाणी जवळजवळ नाही. वेलावरून काढून अर्ध्या तासात कढईत गेलेल्या दोडक्याला स्वतःचंच पाणी इतकं सुटतं की झाकण उघडताना वाफ तोंडावर येते. कोथिंबिरीची देठं आमटीत, पानं वरून. पौष-माघात मेथी निघाली की गोळाभाजी. पानओव्याची भजी मात्र जाऊबाईंसमोर करत नाही, त्या म्हणतील जिभेचे चोचले, आणि ते खरं आहे.

एक सवय आपोआप लागली. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी नाही, हे मी लहानपणापासून पाळत आले. फ्रिजमध्ये भाजी पडलेली असायची, आज नाही तर उद्या. आता त्या दिवशी सकाळी वर जाते, दोडका अगदी तोडण्याजोगा लोंबत असतो, आणि मी त्याला न तोडता खाली येते. त्या नियमाचा अर्थ मला साठीनंतर कळला म्हटलं तरी चालेल.

कधीकधी वाटतं, जाऊबाई बरोबर आहेत. सकाळी कुंडी सरकवली की खाली गोमा, वाळव्या, नाव नसलेलं काहीतरी सैरावैरा पळतं. माझ्या सरकवण्याने त्यातला एखादा चेंगरतोच. संध्याकाळच्या प्रतिक्रमणात पूर्वी मी एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळ्या जीवांची क्षमा एका दमात मागून मोकळी व्हायचे. आता म्हणताना त्या दिवशीचा नेमका जीव डोळ्यांपुढे असतो. हे जमेच्या बाजूला लिहायचं की नावे, ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्या दशलक्षणानंतर तीन-चार आठवड्यांनी, आश्विनात, आमच्या गल्लीत चौका लागला. पहाटे सव्वापाचला दारावर टकटक. बघते तर जाऊबाई, सोवळ्यात, हातात पितळी डबा. मी घाबरले, काय झालं म्हणून. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल गाडीवरची दुधी आणली होती, चिरली तर आत कशीशीच वाटली. तुझ्या वेलाला आहे का एखादी?" मी म्हटलं, "आहेत दोन, पण तोडायला वर यावं लागेल वहिनी, माझा गुडघा धरलाय." गुडघ्याला काही झालं नव्हतं. त्या जिना चढून वर आल्या. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. पदर खोचून बराच वेळ त्या वेलाखाली उभ्या राहिल्या, पानं उलटून बघितली, दुधीवरून मुंगी फुंकरीने उडवली आणि मला म्हणाल्या, "कात्री दे. ओढू नकोस, वेल दुखावेल."

नंतर त्या विषयावर आम्ही दोघी काही बोललो नाही. पण परवा त्यांच्या गॅलरीत मला पुदिन्याची एक कुंडी दिसली.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर मेथी, चुका आणि कोथिंबीर टाकणार आहे. तोंडल्याच्या वेलाची छाटणी माघात करेन, तेव्हा ज्यांना कलम हवं त्यांनी आधी सांगून ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळून देईन. कढीपत्त्याची रोपं आत्ताच सहा तयार आहेत. घ्यायला कधीही या, फक्त अष्टमी-चतुर्दशी सोडून, आणि पाणी येण्याच्या दिवशी सकाळी नको, तेव्हा मी टाकीपाशी असते.